चौकटीचा नारळ आणि अमेरिकेतला निकाल

आमच्या ऑफिसच्या लोखंडी कपाटात, सगळ्यात खालच्या कप्प्यात, दीड वर्ष एक नारळ होता. लाल फडक्यात बांधलेला, शेंडी जागच्या जागी, हलवला की आत खुटखुट वाजायचं. त्याला मी सुतळीने एक चिठ्ठी बांधली होती, ‘कागदपत्रांची यादी, क्रमांक चार’. कपाट उघडणारा प्रत्येक जण विचारायचा, की बाई, हा कागद कुठल्या अंगाने वाचायचा? मी हसायचे. पण आतून मला त्या नारळाची धास्ती असायची. उंदराने कुरतडला तर? कुणी देवाचा समजून नेला तर? मी शनिवारी कुलूप लावून निघायचे आणि कोपऱ्यावरून परत येऊन कुलूप ओढून बघायचे.

धास्ती माझ्या स्वभावातच आहे. मी मूळची मराठवाड्यातली. आईवडील ऊसतोडीला जायचे, धाकट्या भावाकडे बघायला घरी कुणी नव्हतं, म्हणून आठवीच्या सहामाहीनंतर माझी शाळा सुटली ती सुटलीच. लग्नानंतर नवरा महाडच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे लागला आणि त्याच्यामागे मी इकडे आले. गावाकडून इथे यायला एक रात्र आणि वर अर्धा दिवस लागतो. तिकडे मी घागर घेऊन पाण्यामागे फिरले, आणि इथे आल्यावर पहिली गोष्ट काय शिकले तर सावित्रीचं पाणी चढायला लागलं की सामान कुठल्या फळीवर टाकायचं. माझं बोलणं ऐकून इथल्या बाया हसायच्या. मी ‘लई’ म्हटलं की भाजीवालीसुद्धा मान वर करून बघायची. शिकलेल्या माणसासमोर उभं राहिलं की माझ्या तळहाताला घाम फुटायचा. अजून फुटतो.

वकीलसाहेबांकडे मी लागले ती झाडलोटीला. त्यांचं ऑफिस चवदार तळ्याच्या मागच्या गल्लीत. मार्चमध्ये तळ्यावर लांबलांबून माणसं येतात, तेव्हा आमच्या ओट्यावरही पाय ठेवायला जागा नसते आणि साहेब सकाळीच दोन माठ भरून बाहेर ठेवायला लावतात. त्यांचं वय सत्तरीच्या पुढचं. एकदा झाडताना टेबलाखाली पडलेला कागद मी उचलला आणि ठेवता ठेवता वाचतच उभी राहिले. साहेब मागे कधी येऊन थांबले ते कळलं नाही. मला वाटलं, गेलं काम. त्यांनी विचारलं, काय लिहिलंय त्यात? मी चाचरत सांगितलं की दोन भाऊ बांधावरच्या आंब्यावरून भांडतायत, पण आंबा कुठल्या बाजूला आहे हे दोघांनीही कुठे सांगितलेलं नाही. साहेबांनी कागद हातात घेऊन दोनदा वाचला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला कॉम्प्युटरसमोर बसवलं. मराठी अक्षरं कुठे आहेत हे बोटांना कळायला मला तीन महिने लागले, आणि त्या तीन महिन्यांत त्यांनी एकदाही ‘राहू दे’ म्हटलं नाही. हे उपकार मी कसे फेडणार, हे मला अजून सुचलेलं नाही. मी फक्त प्रत्येक पान तीनदा वाचते, आणि पाठवल्यानंतर चौथ्यांदा.

तर ती बाई आली तेव्हा मी टाइपच करत होते.

पोलादपूरच्या वर, डोंगराच्या माथ्यावर ज्या वाड्या आहेत, त्यांतल्या एका वाडीतली ती. पन्नाशीची, अंगाने काटक, पायात पावसाळी चपला. तिचा नवरा सुतार होता आणि वर्षभरापूर्वी कावीळ होऊन गेला होता. आजूबाजूच्या दहा-बारा वाड्यांत घराला दार म्हणून जे काही होतं ते त्याच्याच हातचं. पोलादपूरच्या बाजारात पतपेढीची नवी इमारत झाली, तेव्हा तिथलं सगळं लाकूडकाम त्याने केलं. चौकटी, दारं, आतला लांब काउंटर, सगळं. पतपेढी म्हणजे डोंगरातल्या माणसांची बँकच. मजुरीतला बराच भाग त्याने घेतला नाही. त्याऐवजी इमारतीच्या कडेचा छोटा गाळा त्याच्या घराला मिळाला, घरातल्या माणसाला पाहिजे असेल तोवर.

त्या गाळ्यात ही बाई बसायची. वाडीवरचं तूप, नाचणी, वरी, पावसात रानभाजी. पण गाळा नुसता दुकान नव्हता. वाडीवरून उतरलेला माणूस आपलं ओझं तिथे ठेवून कामाला जायचा. बाळंतिणीला दवाखान्यात आणलं की सोबतच्या बाया तिथे टेकायच्या. मुंबईहून येणारी पोरं शेवटची एसटी गेली तर तिथेच पथारी टाकायची. बाजारात त्या वाडीचा पाय ठेवायला तेवढीच जागा होती.

सुतार गेला, पतपेढीवर नवं मंडळ आलं, आणि तिला नोटीस आली. महिन्याभरात गाळा खाली करा. तुमचा गाळ्यावर काही हक्क दिसत नाही. खाली सही, आणि सहीवर निळा गोल शिक्का.

साहेबांनी नोटीस वाचली आणि चष्मा कपाळावर चढवून विचारलं, "करार कुठाय?"

बाईने पिशवीत हात घातला आणि लाल फडक्यातला नारळ काढून टेबलावर ठेवला.

आमचे कारकून टेबलापलीकडे बसले होते. चाळीस वर्षं कोर्टात काढलेला माणूस. ते म्हणाले, "मावशी, पूजा मागाहून करू. आधी करार दाखवा."

"हाच," ती म्हणाली.

कारकून हसले. मीही हसले असते, पण मी तिच्या तोंडाकडे बघत होते आणि माझं हसू तिथेच राहिलं. ती चुकली होती हे मला कळत होतं. कोर्टात कागद लागतो, हे आठवी सुटलेल्या मलाही माहीत होतं. पण तिच्या चेहऱ्यावर चुकल्याचं काही नव्हतं. घरातली सगळ्यात मोलाची वस्तू तिने सांभाळून आणून योग्य माणसासमोर ठेवली होती.

मग तिने सांगितलं. त्यांच्या वाड्यांवर घराची चौकट उभी राहते त्या दिवशी घरधनी सुताराला नारळ देतो. आपल्या अंगावरच्या कापडाचा तुकडा फाडून त्यात बांधून देतो. तो नारळ फोडायचा नसतो. सुतार तो घरी नेऊन आढ्याला टांगतो. काम पुरं झालं, देणारा आणि घेणारा दोघेही बोललेल्या शब्दातून मोकळे झाले, की मग त्याच चौकटीसमोर दोघांनी मिळून तो फोडायचा. देणाऱ्याने धरायचा, घेणाऱ्याने घाव घालायचा. खोबरं सगळ्यांना वाटायचं. तोवर नारळ अख्खा आहे याचा अर्थ शब्द अजून शिल्लक आहे.

"आमचे घरवाले गेले तेवा मी आढ्याकडं बघितला," ती म्हणाली. "म्हटला, हा हाय ना. मग भ्यायचा कशाला? तर ही चिठी आली."

तिने सांगितलं की गाळ्याचं बोलणं झालं तेव्हा साक्षीला कुणी नव्हतं. पतपेढीचे तेव्हाचे अध्यक्ष होते आणि तिचा नवरा होता, आणि चौकट उभी राहिली त्या दिवशी नारळ अध्यक्षांनीच दिला. कुणी कागद मागितला नाही, कारण मागणं हा अध्यक्षांचा अपमान झाला असता. नारळ दिल्यावर कागद मागायचा म्हणजे तोंडावर खोटारडा म्हणण्यासारखंच.

साहेबांनी मान वर केली. वरच्या फळीकडे बघत राहिले. तिथे पुरात भिजलेली त्यांची पुस्तकं आहेत. फुगून विटांसारखी झालेली, पानाला पान चिकटलेलं. टाकून देऊ का, असं मी दोनदा विचारलं होतं आणि दोन्ही वेळा ते नुसते माझ्याकडे बघत राहिले होते. त्यांनी एका पुस्तकाकडे बोट केलं. "त्यात होता तो," ते म्हणाले. "आता उघडणार नाही. पण होता."

अमेरिकेतला एक निकाल, तिथल्या सगळ्यात वरच्या कोर्टाचा, दोनशे वर्षांपूर्वीचा. साहेबांनी तो विद्यार्थी असताना वाचला होता. पुस्तक पाण्यात गेलं, पण डोक्यातून गेलं नव्हतं. त्यांच्या नातवाने पुण्याहून तो मोबाईलवर शोधून पाठवला आणि कारकुनांनी छापून आणला. बारीक इंग्रजी अक्षरांची बरीच पानं होती. मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. साहेब म्हणाले, मराठीत करून जोडू, म्हणजे ही बाईसुद्धा ऐकेल. दुसऱ्या दिवशीपासून चार दुपारी ते सांगत गेले आणि मी टाइप करत गेले.

त्या चार दुपारी मी कधी विसरणार नाही.

तो देश तेव्हा नवाच होता, साहेब म्हणाले, स्वतंत्र होऊन पन्नास वर्षंही झाली नव्हती. तिथल्या एका बँकेने स्वतःसाठी इमारत बांधायला काढली. बँकेच्या कमिटीने एका कारागिराशी बोलणं केलं. लिखापढी झाली, पण ती कमिटीच्या माणसांच्या नावाने. बँकेचा स्वतःचा शिक्का त्यावर नव्हता. पुढे काम वाढत गेलं. ठरल्यापेक्षा जास्तीचं सांगितलं गेलं, ते त्याने करून दिलं. मग कारागीर वारला. त्याच्या मागे त्याचा व्यवहार बघणाऱ्या माणसाने बँकेवर दावा लावला. बँक म्हणाली, कमिटीने काय कबूल केलं ते कमिटीला विचारा. आमचा शिक्का दाखवा.

माझी बोटं थांबली. मी म्हटलं, "साहेब, हे तर आपलंच आहे."

"टाइप कर," ते म्हणाले. पण ते खूश झाले होते.

त्यांनी समजावलं की बँकेचं म्हणणं वेडेपणाचं नव्हतं. त्याआधी शेकडो वर्षं विलायतेत असंच मानायचे. संस्था म्हणजे काही माणूस नव्हे, तिला तोंड नाही, हात नाही, तेव्हा शिक्का हीच तिची वाचा. शिक्का उठला तर ती बोलली, नाहीतर गप्प. त्या नव्या देशातल्या न्यायाधीशांनी हा जुना नियम हातात घेऊन उजेडात धरला. ते म्हणाले, संस्था माणसांच्या हातांनी काम सांगते, माणसांच्या हातांनी ते ताब्यात घेते. तिने नेमलेल्या माणसांनी तिच्यासाठी काम करून घेतलं, तिने ते वापरलं, तर तिने शब्द दिला असंच कायदा धरून चालेल. शिक्का असो की नसो.

हे वाक्य मराठीत बसवायला साहेबांना एक अख्खी दुपार लागली. ते खोलीत फेऱ्या मारायचे, एक शब्द सांगायचे, खोडायला लावायचे. मी विचारलं, त्या कारागिराला बायको होती का? त्यांनी पानं चाळली. निकालात तसं काही नव्हतं. मुलं? तेही नव्हतं. त्याचं काम होतं, तो वारल्याचं होतं, आणि त्याच्या कामाने बँक बांधली गेली हे होतं. मी घरी भाकरी थापताना त्या माणसाचा विचार करायचे. त्याच्या कोटाला लाकडाचा भुसा लागत असेल. त्यालाही वाटलं असेल, एवढी मोठी माणसं, ती कशाला फिरतील? तो गेला तेव्हा त्याच्या घरच्यांना हे ठाऊक असणं शक्य नव्हतं, की कधीतरी महाडमध्ये, पुराची रेघ अजून भिंतीवर असलेल्या खोलीत, आठवी सुटलेली एक बाई त्याची गोष्ट टाइप करत बसेल आणि तिच्या अंगावर काटा येईल. एवढा लांबचा न्याय. समुद्र ओलांडून, पुरातून, एका म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यातून तो माझ्या बोटांपर्यंत आला होता. मला देवळात गेल्यासारखं वाटायचं. चूक होऊ नये म्हणून मी ती पानं तीनदा नाही, सात वेळा वाचली.

मग साहेबांनी बाईला बोलावून सगळं वाचून दाखवलं. ती मांडीवर हात ठेवून ऐकत होती. संपल्यावर तिने एकच विचारलं.

"तो बँकवाला मंग त्याच दारानं आत जात व्हता का?"

साहेब म्हणाले, जातच असणार.

"रोज?"

"रोज."

"मंग झाला की," ती म्हणाली आणि उठली. साहेबांनी तिचा प्रश्न पेन्सिलीने समासात लिहून ठेवला. तो का लिहिला, हे मला तेव्हा कळलं नाही.

दावा दाखल झाला. निकाल लागेपर्यंत तिला हलवू नये असा हुकूम मिळाला, पण तो तात्पुरताच. बाईला भीती होती की एखाद दिवशी गाळ्याला कुलूप लागेल आणि नारळ आत अडकेल. वाडीवर न्यावा तर प्रत्येक तारखेला एसटीच्या गर्दीतून खाली आणायचा. तिने तो माझ्या हातात दिला. "तुझ्यापाशी ठेव गो बाय. तू लांबची हायस. लांबचा माणूस जपून ऱ्हातो." हे खरं होतं. इतकं खरं कुणी माझ्याबद्दल बोललं नव्हतं.

आणि मीच तो जवळजवळ घालवला.

खंडेनवमीला आम्ही ऑफिसात कॉम्प्युटर, प्रिंटर आणि साहेबांच्या पेनांची पूजा करतो. फुलं आणायची जबाबदारी माझी, नारळ कारकुनांनी आणायचा. ते विसरले. मी मागे पाण्याचा तांब्या भरायला गेले होते. परत आले तर ते उंबऱ्याबाहेर दगडासमोर वाकलेले, हात वर, हातात नारळ, आणि लाल फडकं त्यांच्या खांद्यावर. मी काय केलं ते मला धड आठवत नाही. ओरडले नाही, तेवढं आठवतं. मी दगडावर माझा हात ठेवला.

घाव अर्धा थांबला, अर्धा माझ्या बोटावर बसला. नारळाला काही झालं नाही. कारकून पांढरे पडले. "अहो मॅडम, बोट गेलं असतं," ते म्हणाले. मी म्हटलं, ते माझं आहे, हा माझा नाही. मग दोघंही खाली बसलो आणि मला रडू आलं, दुखल्याचं नाही, विचाराने. तो फुटला असता तर मी त्या बाईला काय सांगितलं असतं? की तुझ्या नवऱ्याचा शब्द मी प्रिंटरपुढे फोडला? कारकून स्वतः बाजारात जाऊन दुसरा नारळ घेऊन आले, आणि येताना माझ्यासाठी हळद आणली. त्या दिवसापासून ते कपाटातल्या नारळाला ‘साहेबांचा चौथा कागद’ म्हणायला लागले, पण आता त्यांचा आवाज वेगळा होता.

पुढच्या तारखेला बाईने माझं काळं पडलेलं नख पाहिलं. काय झालं विचारलं. मी खरं ते सांगितलं.  निघताना ती माझ्या पिशवीत तुपाचा डबा ठेवून गेली.

साक्षीदारांच्या तपासणीचा दिवस आला तेव्हा कोर्टात उकडत होतं. पतपेढीच्या वकिलांनी आधी आमच्या निवाड्याचा समाचार घेतला. ते म्हणाले, पोलादपूरच्या गाळ्यासाठी अमेरिकेपर्यंत जायची काय गरज होती, वाटेत कुठे कोर्ट लागलं नाही का? लोक हसले. माझे कान तापले, जणू तो निकाल मीच लिहिला होता. न्यायाधीश मॅडमनी सांगितलं की तो निकाल या कोर्टावर बंधनकारक नाही हे त्यांना ठाऊक आहे. पण मी वाचला आहे, त्या म्हणाल्या.  माझी सात वेळा वाचलेली पानं त्यांनी वाचली होती.

मग पतपेढीने आपला साक्षीदार उभा केला. जुने अध्यक्ष. आता ते मंडळावर नव्हते, पतपेढीचे नुसते सभासद होते. तेही मूळचे वाडीवरचेच, पांढरी टोपी, खांद्यावर लाल उपरणं. गाळ्याबद्दल कुठलाही ठराव झाला नाही, करार झाला नाही, शिक्का मारलेला नाही, असं त्यांनी सांगितलं. ते सगळं खरंच होतं.

आमचे साहेब उभे राहिले. त्यांनी समासातला पेन्सिलीचा प्रश्न विचारला. पतपेढीचं पुढचं दार कुणी केलं? सुतारानं, अध्यक्ष म्हणाले. तुम्ही त्या दाराने आत जाता? "मग काय खिडकीतनं जाऊ?" पुन्हा हशा. रोज जाता? रोज. अजूनही? अजूनही.

साहेबांनी माझ्याकडे हात केला. मी नारळ घेऊन पुढे गेले.  साहेबांनी फडकं उलगडून विचारलं, हा ओळखता का?

आता ‘नाही’ म्हणणं किती सोपं होतं, हे तिथे बसलेल्या सगळ्यांना कळत होतं. नारळ नारळासारखाच दिसतो. कोण ओळखणार? पण फडक्याला काठ होता, आणि तसाच काठ अध्यक्षांच्या खांद्यावरच्या उपरण्याला होता. ते बराच वेळ बघत होते. त्या बाईकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. नारळाकडेच पाहत राहिले.

"मी दिला," ते म्हणाले. "माज्या हातानं."

पतपेढीचे वकील लगेच उठले. परवानगी घेऊन त्यांनी विचारलं, नारळ तुम्ही तुमच्या इच्छेने दिला असेल, पदरचा दिला असेल. तो संस्थेने दिला असं कसं म्हणता? प्रश्न नेमका होता. दोनशे वर्षांपूर्वीचाच प्रश्न होता. कमिटीने कबूल केलं, बँकेने नाही. मी तो सात वेळा वाचला होता, म्हणून मला लगेच ओळखू आला.

अध्यक्षांनी उपरणं नीट केलं.

"सायब," ते म्हणाले, "चौकट माज्या घराची नवती."

कोर्टात कुणी हसलं नाही. टायपिस्टने ते वाक्य घेतलं, त्याचा खटखट आवाज तेवढा आला. मागे बाकावर ती बाई बसली होती. तिने पदराने तोंड पुसलं. मी नारळ पुन्हा फडक्यात बांधला आणि एकाऐवजी दोन गाठी मारल्या.

निकालाला आणखी काही महिने लागले. तो तिच्या बाजूने लागला. मॅडमनी पतपेढीला तिच्याकडून गाळा काढून घ्यायला मनाई केली आणि त्यात एक ओळ लिहिली होती, की परदेशातला तो जुना निवाडा बंधनकारक नसला तरी त्यातला विचार इथेही पटण्यासारखा आहे. ती ओळ मी किती वेळा वाचली त्याचा हिशेब नाही. तरी अपिलाची मुदत संपेपर्यंत मी नारळ कपाटातून हलू दिला नाही. बाई म्हणाली, आता गाळा कोर्टाच्या कागदावर आला, शब्द पुरा झाला, आता फोडूया. मी म्हटलं, थांबा मावशी, अजून दिवस आहेत. ती हसली. "आमच्यापरीस तुलाच भ्या जास्त," म्हणाली.

मुदत संपली आणि बाजाराच्या दिवशी आम्ही तिघं, साहेब, कारकून आणि मी, एसटीने पोलादपूरला गेलो. पतपेढीच्या दारासमोर वाडीवरची माणसं जमली होती. मी ते दार पहिल्यांदा पाहत होते. सागवानी, जाड, खालची पट्टी लोकांच्या पायांनी गुळगुळीत झालेली. माणसं आतबाहेर करत होती, कुणी चौकटीला हात टेकून थांबत होतं. मी पण हात टेकला. त्या दुसऱ्या कारागिराचं दार कुठे असेल, अजून असेल का, असं मनात आलं.

अध्यक्ष आले. नव्या मंडळातलं कुणी आलं नाही. अध्यक्षांनी नारळ दोन्ही हातांत धरला. मग सगळेच थांबले, कारण घेणारा नव्हता. वाडीतला एक म्हातारा म्हणाला, सुताराच्या भावाने हात लावावा, बाईमाणसाने आणि त्यातून अशा बाईने कसा लावायचा? भाऊ पुढेही झाला. ती बाई मागे सरकली होती. मी साहेबांकडे बघितलं, पण ते कोर्टात नव्हते, इथे ते काही बोलू शकत नव्हते.

अध्यक्षांनी नारळ भावापुढे केला नाही. "आता गाळ्यात कोण बसतो?" त्यांनी विचारलं. सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. "मंग घेनारी तीच. ये गो वयनी."

तिने कोयता घेतला आणि उलट्या बाजूने एकच घाव घातला. पाणी आलं नाही. करवंटी दुभंगली आणि आतून खोबऱ्याचा अख्खा गोटा निघाला, इतक्या वर्षांत आतल्या आत सुकून सुटा झालेला. खुटखुट वाजायचं ते हेच. म्हाताऱ्यानेच तो हातात घेऊन वास घेतला आणि म्हणाला, खवट नाय झाला. मग विळीवर त्याचे पातळ काप केले आणि सगळ्यांना एकेक दिला. साहेबांना दात नाहीत. त्यांनी तो गालात धरला आणि परतीच्या एसटीत महाड येईपर्यंत चघळत होते. मी अर्धा खाल्ला आणि अर्धा रुमालात बांधला, गावाकडे आईला पाठवायला. इतकं तेल, इतकी गोडी. ती अजून जिभेवर आहे.

दुसऱ्या दिवशी फाईल बंद करताना मी यादी उघडली. पहिले तीन कागद परत केल्याची नोंद झाली होती. चौथ्यासमोर काय लिहायचं ते मला कळेना. मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, तुला काय वाटतं ते लिही, वाचलेलं तुझंच जास्त आहे. माझ्या तळहाताला घाम आला. मग मी टाइप केलं: ‘नारळ, एक. देणाऱ्याने धरला, घेणारीने फोडला.’ तीनदा वाचलं, आणि छापलं.